सटवाजीकाकांची घोषणा

ताडकळसला बाजार होता, त्यामुळे आमदारांच्या दारात चपलांचा ढीग नेहमीपेक्षा मोठा होता. बाजाराला आलेल्या माणसानं मीठ-मिरची घ्यायची, बैलाच्या गळ्यातली घुंगरं घ्यायची आणि जाता जाता बन्सीभाऊंकडे डोकावायचं, हा शिरस्ता भाऊ आमदार नव्हते तेव्हापासूनचा. राजेश्री परभणीहून एसटीनं आली तेव्हा तिला आपल्याच घरात अंग चोरून शिरावं लागलं. बैठकीत भाऊ खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसले होते. कुणाचा डीपी जळाला होता, कुणाच्या मुलीला वसतिगृहात जागा हवी होती, आणि एक म्हातारी नुसतीच बसली होती. तिचं काही काम नव्हतं. ऊन उतरेपर्यंत ती सावलीला टेकली होती.

भाऊंनी लेकीला पाहिलं, पण समोरच्या माणसाचं बोलणं तोडलं नाही. नुसती हातानं खूण केली, आत जा, आलोच. त्यांचं 'आलोच' केव्हा येईल हे घरात कुणी विचारत नसे.

आत पार्वतीबाई ढाळे सोलत होत्या. राजेश्री त्यांच्यासमोर बसली आणि तिनंही हरभऱ्याची एक जुडी ओढून घेतली. मायलेकींनी टोपलीभर घाटे सोलले तेव्हा कुठे भाऊ आत आले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. त्यांच्या मागोमाग सटवाजीकाका आले आणि सवयीप्रमाणे उंबऱ्यावर टेकले. हातात फोन, खांद्यावर उपरणं.

सटवाजी म्हणजे भाऊंची सावली, असं लोक म्हणत. सभेचा माईक सटवाजीकडे, गाड्यांची व्यवस्था सटवाजीकडे, कुणाच्या घरी लग्न आहे आणि कुणाच्या घरी दहावा, हेही सटवाजीलाच ठाऊक.

"काय वाचायलीस सध्या?" भाऊंनी लेकीला विचारलं. ती परभणीच्या कॉलेजात शिकवायची आणि तिच्या पिशवीत कायम एखादं पुस्तक असायचं.

"कादंबरी आहे एक."

"कोण मरतंय त्यात?"

राजेश्रीला हसू आलं. "नायकाची बायको."

"मंग चांगली असंल." त्यांनी चार हिरवे दाणे तोंडात टाकले. "तू आणतीस त्या समद्या पुस्तकात कोणी ना कोणी मरतंच. आमच्याकडं बी लोक मरतेत, पर आमी त्याचं पुस्तक न्हाई करत. आमी जाऊन येतो."

"जाऊन येतेत म्हणं," पार्वतीबाई खाली मान घालून म्हणाल्या. "लोकाच्या घरी जाऊन येता. आपल्या घरी कवा जाऊन येता?"

"हे काय, आलो न्हाई का?"

"ताई," उंबऱ्यावरून सटवाजीकाका बोलले, "कॉलेजात पोरं ऐकतेत का तुमचं? आमच्या भाऊचं मुंबईत सभागृहात कोणी ऐकत न्हाई, म्हणून इचारलं."

"तुझ्या बायकूनं ऐकलंय का तुझं कवा?" भाऊ म्हणाले. "सरजाबाईसमोर तर तुझा माईकच बंद असतो."

सगळे हसले. भाकरी झाली, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी झाली. भाऊंनी भाजी पुन्हा मागून घेतली आणि जेवण झाल्यावर खुर्चीतच पेपर तोंडावर घेऊन डुलकी काढली. संध्याकाळी राजेश्री परत निघाली तेव्हा बैठकीत पुन्हा माणसं होती. "पोचलीस की फोन कर," भाऊ तिथूनच म्हणाले. तिनं पोचल्यावर फोन केला.

"पोचले, भाऊ."

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णेला बैठक आटोपून जिना उतरताना ते मधल्याच पायरीवर बसले. "जरा थांब, सटवाजी," एवढंच म्हणाले. काकांना वाटलं, चप्पल नीट करायलेत. ते थांबले. भाऊ उठले नाहीत.

*

बन्सीधर दुधाटे यांना सारा तालुका भाऊ म्हणायचा, म्हणून त्यांची लेकरंही भाऊच म्हणत. आमदारकी त्यांच्या आयुष्यात फार उशिरा आली. त्याआधीचा सगळा काळ ते पक्षाचे संघटक होते. संघटक म्हणजे काय, हे राजेश्रीला लहानपणी कुणी शाळेत विचारलं तर ती म्हणायची, सतरंज्या टाकतात. तिनं ते चेष्टेनं म्हटलेलं नसायचं. नेता यायच्या आधी मंडप, माणसं, पाण्याचे माठ. नेता बोलत असताना मंडपाच्या मागच्या टोकाला उभं राहायचं. नेता गेला की सतरंज्या झटकून घड्या घालायच्या. जिल्ह्यात असा पार नसेल जिथं भाऊंनी सतरंजी अंथरली नाही.

उमेदवार मात्र दर निवडणुकीला दुसराच यायचा. कधी परभणीचा डॉक्टर, कधी कुण्या मोठ्या माणसाचा मेहुणा, एकदा तर आदल्या आठवड्यापर्यंत समोरच्या पक्षात असलेला माणूस. भाऊ त्याच्यासाठीही जिवाचं रान करायचे. लोक चिडायचे. "भाऊ, तुमचा नंबर कवा?" भाऊ म्हणायचे, "माणसं बसल्याबिगर आपण कसं बसावं?" यात त्याग वगैरे काही नव्हता. त्यांना खरंच तसं वाटायचं. मंडपात उभी माणसं दिसली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

मग एक निवडणूक अशी आली की पक्ष फुटलेला, वारं उलटं, आणि तिकीट घ्यायला कुणीच पुढं येईना. तेव्हा वरच्यांना बन्सीधर आठवले. पडायला एक माणूस हवा होता. भाऊ पडले नाहीत. ज्या ज्या घरचं त्यांनी पाणी प्यालं होतं, त्या त्या घरानं मत टाकलं.

आमदार झाल्यावरच्या पहिल्याच सत्काराची गोष्ट राजेश्रीनं पुष्कळांच्या तोंडून ऐकली होती. कार्यक्रम संपला, लोक उठले, आणि भाऊ गळ्यातल्या हारासकट व्यासपीठावरून उतरून सतरंजीचं एक टोक धरून उभे राहिले. दुसरं टोक सवयीनं सटवाजीकाकांनी उचललं. दोघांनी सतरंजी झटकली, घडी निम्मी झाली, तेव्हा काकांच्या ध्यानात आलं.

"भाऊ, सोडा! आमदार हाव तुमी!"

"आता निम्मी झाली की घडी. पुरी तर करू दे."

कुणीतरी फोटो काढला, तो पेपरात आला. विरोधक म्हणाले, नाटक आहे. पक्षातले म्हणाले, छान कल्पना होती. ती कल्पना नव्हती आणि नाटकही नव्हतं, हे फक्त घरच्यांना आणि सटवाजीकाकांना माहीत होतं.

*

आमच्या भागात चितेला अग्नी दिल्यावर लोक लगेच उठत नाहीत. तिथंच मातीत बसतात, आणि एकेक जण उभा राहून गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. सगळ्या पक्षांचे पुढारी, सरपंच, मास्तर, सोयरे. भाऊ आयुष्यभर असे बोलत आले होते. गावोगावी मसणवाट्यात उभं राहून, थोडकं. त्यांच्या श्रद्धांजलीत गेलेल्याचा एखादा गुण असायचा आणि एखादी खोडही असायची, त्यामुळे ती त्याच माणसाची वाटायची. अशा प्रसंगीही माईक सटवाजीकाकांच्याच हातात असायचा. कुणी कुणानंतर बोलायचं, कुणाला आवरतं घ्यायला लावायचं, ते बघायचे.

भाऊंच्या शेतातच चिता रचली होती. तुरीचं शेत मोकळं झालं होतं, त्यात माणूस मावत नव्हता. पोलिसांनी मानवंदना दिली. राजेश्रीच्या धाकट्या भावानं, परमेश्वरनं, अग्नी दिला. राजेश्री आईचा हात धरून पुढंच बसली होती. अजून ती रडली नव्हती. दवाखान्यात नाही, घरी नाही, इथंही नाही. आपल्याला रडू का येत नाही हे ती दूरच्या कुणाबद्दल विचार करावा तसं स्वतःला विचारत होती.

भाषणं सुरू झाली. माईक सटवाजीकाकांकडे होता. तो दुसऱ्या कुणाकडे द्यावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. ते एकेक नाव पुकारत होते, आवाज पुरता बसलेला. पुढारी बोलले. तळमळीचा कार्यकर्ता, न भरून येणारी पोकळी, तळागाळातला नेता. राजेश्री ऐकत होती आणि तिला वाटत होतं, हे कुणाबद्दल बोलतायत? यात भाऊंची एकही खोड नाही.

शेवटचा माणूस बोलून बसला. आता काकांनी घोषणा द्यायची होती. लोकांनी 'अमर रहे' म्हणायचं होतं आणि उठायचं होतं. काका उभे राहिले. चितेकडे तोंड करून त्यांनी मूठ वर केली आणि बसलेल्या आवाजातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून ओरडले,

"बन्सीभाऊ, तुम आगे बढो!"

आणि त्या सगळ्या रानानं, जराही न थांबता, एका आवाजात उत्तर दिलं, "हम तुम्हारे साथ हैं!"

मग काय झालं ते सगळ्यांना एकदमच कळलं. एवढ्या माणसांत एवढी शांतता राजेश्रीनं कधी ऐकली नव्हती. लाकडं तडतडत होती. मागं कुणीतरी फिसकन हसलं, कुणीतरी त्याला दाबलं. सटवाजीकाकांची मूठ वरच होती. ती त्यांनी हळूहळू खाली घेतली, माईक जमिनीवर ठेवला, आणि बांधाबांधानं चालत निघून गेले. कुणी त्यांना हाक मारली नाही.

राजेश्रीनं तोंडावर पदर घेतला. तिला हसू आलं होतं. ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. आईनं तिला जवळ ओढलं. बायकांना वाटलं, पोरीचा बांध फुटला. खरंच फुटला होता.

*

त्या संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ साऱ्या जिल्ह्याच्या मोबाईलवर गेला. 'आमदारासोबत वर जायला कार्यकर्ते तयार' असं काहीबाही खाली लिहिलेलं. भेटायला येणारी माणसं बैठकीत गंभीर बसत आणि अंगणात जाऊन एकमेकांना तो दाखवत. सटवाजीकाका घरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत, तिसऱ्या दिवशी राख सावडायलाही नाहीत. फोन बंद. सरजाबाई येऊन पार्वतीबाईंच्या पायाशी बसल्या आणि रडत म्हणाल्या, "राणीसावरगावला लेकीकडं जाऊन बसलेत. भाकर खाईनात. मी तोंड कोणाला दाखवू म्हणतेत."

मग जिल्हाध्यक्ष आले. योगीराज आप्पा. पांढरा कडक शर्ट, हलका आवाज. पार्वतीबाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला, भाऊंच्या फोटोला हार घातला आणि राजेश्रीकडे वळले.

"ताई, तेराव्याला साहेब स्वतः येणार हायत. शोकसभा मोठी करायची. मंडप, साउंड, समदं नांदेडहून मागवलंय, तुमी काळजी करू नका. फकस्त एक अर्ज हाय."

"बोला."

"ते सटवाजीचं. वर लोकांनी व्हिडिओ बघितला. नाराज हायत. माणूस चांगला हाय, मी न्हाई म्हणत न्हाई, पर आता वय झालं. तेराव्याला त्याला जरा लांबच ठेवा. निवेदक आमी पाठवतो, शिकलेला पोरगा हाय, आवाज बी चांगला."

राजेश्री काही बोलायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला. पार्वतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. भाऊ गेल्यापासून त्या चार शब्दांच्या वर बोलल्या नव्हत्या.

"आप्पा, तुमचं पहिलं भाषण ध्यानात हाय का?"

आप्पा हसले. "आता वहिनी, लय जुनं झालं ते."

"पालमला. तुमी ज्या उमेदवारासाठी मत मागायला उभारला होता, त्याच्या जागी समोरच्या पक्षाच्या माणसाचं नाव घेतलंत. दोनदा घेतलंत. सटवाजीनं वायर उपटली म्हणून वाचलात. लाईट गेली म्हणून सांगितलं लोकाला. तुमचे भाऊ घरी येऊन हसू हसू बेजार झाले होते."

बैठकीतली माणसं खाली बघू लागली. आप्पांनी रुमालानं मान पुसली.

"सटवाजी न्हाई तर सभा न्हाई," पार्वतीबाई म्हणाल्या. "आमी घरच्या घरी पंगत घालून तेरावं करू. साहेबाला सांगा, इथं येऊ नका, लय ऊन हाय."

आप्पा गेल्यावर राजेश्री आईजवळ बसली. "आई, तू तो व्हिडिओ पाहिलास?"

"परमेश्वरनं दाखवला. मी दोनदा लावाया सांगितला." त्यांचे ओठ हलले, आधी हसल्यासारखे. "तुझ्या भाऊला लय आवडला असता. राजू, सटवाजीला घेऊन ये. आणलं न्हाईस तर तिथं लोक ज्याच्याबद्दल बोलतील तो मला ओळखीचाच वाटायचा न्हाई."

राजेश्रीला ते पटलं. तिच्याही मनात तेच होतं, शब्द आईनं दिले. त्या दिवशी शेतात झाली तशी भाषणं तेराव्याला पुन्हा होतील, अजून मोठ्या माईकवरून, आणि त्यांतून कुणीतरी भलताच माणूस उभा राहील. तेव्हा मंडपात भाऊंना खरंच ओळखणारा एक तरी माणूस लागेल. तो आला नाही, तर भाऊ दुसऱ्यांदा जातील.

*

ती दुसऱ्या दिवशी निघाली. गाडी भागवत चालवत होता, भाऊंचाच ड्रायव्हर. गंगाखेड मागं पडलं. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी भाऊंचे श्रद्धांजलीचे फलक लागले होते. फोटो निवडणुकीतला, हात जोडून हसणारा. दोन फलकांवर खाली कोपऱ्यात राजेश्रीचाही फोटो होता. भाऊंची जागा रिकामी झाली होती; तो तिथं कुणी लावला आणि कशासाठी, हे न कळण्याइतकी ती दूधखुळी नव्हती. भागवतनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

तिला सटवाजीकाका लहानपणी आवडत नसत. तेव्हा पक्षाची एक जुनी जीप होती. उजाडायच्या सुमाराला ती फाटकाशी यायची आणि हॉर्न वाजायचा. भाऊ अर्धा चहा बशीत तसाच ठेवून उठायचे. जीपच्या मागच्या बाजूला सतरंज्यांचा ढीग, त्यावर भोंगे, झेंड्यांच्या काठ्या, आणि सगळ्यांच्या वर पाय खाली सोडून बसलेले सटवाजीकाका. फाटकात उभ्या असलेल्या पोरीला ते हात हलवायचे. ती हलवायची नाही. आई तिचं मनगट धरून तिला बाजूला ओढायची, "सरक, भाऊला उशीर होयलाय." मग जीप जायची, आणि तिच्या मनात बसलं होतं ते असं की हा माणूस रोज येतो आणि भाऊंना घेऊन जातो. परत आणून सोडणाराही तोच असायचा, पण तोवर ती झोपलेली असायची.

पुढं ती पुस्तकांत रमली. तिथं फाटक नव्हतं, हॉर्न नव्हता. परभणीला शिकायला गेली, तिथंच नोकरी धरली. भाऊंची लेक राजकारणापासून चार हात लांब राहिली, चांगलं केलं, असं लोक कौतुकानं म्हणायचे. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

राणीसावरगावला सविताचं घर शोधायला वेळ लागला नाही. सविता म्हणजे काकांची थोरली. तिनं दारातच राजेश्रीचे हात धरले आणि हळूच म्हणाली, "मागच्या अंगणात हायत. बघा तुमचं ऐकले तर."

काका बाजेवर बसले होते, पाठ दाराकडे. समोर पोत्यावर तूर वाळत घातली होती. पाखरं हाकायची काठी हातात होती आणि पाखरं खुशाल दाणे टिपत होती.

"काका."

ते दचकून उठले. डोक्याची टोपी नीट केली. दाढी वाढली होती. "ताई? तुमी कशाला आलाव इतक्या लांब? वहिनीला एकटं सोडून?"

"आईनंच पाठवलं."

ती बाजेच्या कडेला बसली. ते बसेनात. मग तिनं बाजेवर हात थोपटला, तेव्हा पार दुसऱ्या टोकाला टेकले.

"मला काय कळलंच न्हाई," थोड्या वेळानं ते आपणहून बोलू लागले. "अमर रहे म्हणायचं हे डोक्यात होतं. सकाळपासून घोकत होतो. पर मूठ वर गेली आन् तोंडातनं तेच निघालं. सारी जिंदगी तेच म्हणलो, ताई. दुसरं काय म्हणायचं ते ह्या तोंडाला ठावंच न्हाई. माणसाच्या सरणापुढं... लोक हसले. भाऊची इज्जत घालवली मी."

"मी पण हसले."

त्यांनी मान वर करून पाहिलं.

"खरंच. मला हसू आवरेना. आणि त्यानंतर मला रडू आलं. तोवर येत नव्हतं. आईनं तर तो व्हिडिओ दोनदा बघितला. म्हणाली, भाऊंना लय आवडला असता."

"वहिनी असं म्हणल्या?"

"आणि आप्पांना सगळ्यांसमोर पालमच्या सभेची आठवण करून दिली."

काकांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं. "वायर उपटली ती?"

"तीच. म्हणाली, सटवाजी नाही तर सभा नाही. साहेबांना सांगा, ऊन फार आहे, येऊ नका."

ते हसले. आवाज न होता, खांदे हलवून. मग उपरण्यानं डोळे पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिले. सविता चहा ठेवून गेली. कपावर साय धरली तरी दोघांनी तो उचलला नाही.

"तुम्ही तेराव्याला या, काका. माईक तुम्हीच धरा."

"आन् पुन्यांदा घसरली जीभ तर?"

"घसरू द्या. ती घसरली तेव्हाच त्या सगळ्या भाषणांत भाऊ मला पहिल्यांदा दिसले."

त्यांनी पाखरांकडे काठी उगारली, पण हाकललं नाही. "येतो," ते म्हणाले. "वहिनीचा हुकूम हाय म्हणल्यावर न्हाई कसं म्हणू." मग काठी बाजेला टेकवून ठेवली. "ताई, एक सांगू का? हे मी सरजाबाईला बी सांगितलं न्हाई."

"सांगा."

"ती घोषणा दिली की भाऊ मागं वळून बघायचे. दर बारीला. 'हम तुम्हारे साथ हैं' म्हणलं लोकांनी की हे चालता चालता मान वळवायचे. मी एकदा इचारलं, काय बघताव? तर म्हणले, सटवाजी, साथ है म्हणायलेत, पर कोण कोण हाय ते बघू तर दे. येकायेकाला बघायचे. आन् कोणी न्हाई दिसला तर गाडीत बसल्यावर इचारायचे, तो कामून आला न्हाई रं, आजारी हाय का?" ते थांबले. "त्या दिवशी मी घोषणा दिली. लोकांनी बी म्हणलं. आन् मी बघत राहिलो, ताई. लोकाला वाटलं, मी लाजलो. लाज तर मागनं आली. मूठ वर करून मी वाट बघत होतो. भाऊ काय मागं वळले न्हाईत."

राजेश्री तुरीकडे बघत होती. पाखरं एका बाजूनं दाणे टिपत दुसऱ्या बाजूला सरकत होती. तिच्या डोळ्यांपुढं ती गर्दी आली. गावोगावची, धुळीची, मुठी वर केलेली. आणि मान वळवून एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवणारे भाऊ. त्यातला एकही चेहरा तिचा नव्हता.

"काका, त्या गर्दीत मी कधीच नव्हते."

"तुमचं काय काम तिथं, ताई? तुमी शिकल्यासवरल्या..."

"नाही, ऐका." ती त्यांच्याकडे वळली. "तुम्ही जीपमध्ये सतरंज्यांवर बसायचात ना, वर, पाय सोडून? मला तुमचा फार राग यायचा. भाऊंना घेऊन जाता म्हणून, असं मला वाटायचं. तसं नव्हतं. मला तुमच्या शेजारी बसायचं होतं. राजकारण नको होतं मला, आताही नको. ते फलक मी उतरवायला लावणार आहे. मला नुसतं यायचं होतं. ते जिथं जातील तिथं. फाटकात रोज उभी राहायचे ती त्यासाठी. ओठावर यायचं आणि आई म्हणायची, सरक."

बाजेच्या दुसऱ्या टोकावरून काका थोडे जवळ सरकले.

ती आता त्यांच्याकडे बघत नव्हती. शाळेत, कॉलेजात, पुस्तकांत घासूनपुसून घेतलेली भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"भाऊ," ती मोठ्यानं म्हणाली, "मला बी येऊ द्या की संग."